माजी कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या माहितीचोरीचा प्रतिबंध

नोकरी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने ग्राहकांची यादी, दरपत्रके, आराखडे किंवा संगणकीय नोंदी अशी संस्थेची गोपनीय माहिती परवानगीविना सोबत नेणे, यास माहितीचोरी म्हणतात. मूळ नोंद जागेवरच राहते आणि केवळ तिची प्रत बाहेर जाते. त्यामुळे ही चोरी अनेकदा उशिरा लक्षात येते.

प्रमुख प्रकरणे

हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याने टायरसाठी लागणाऱ्या धाग्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. तेथील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार संपण्यापूर्वीच कोटा येथील स्पर्धक कारखान्यात नोकरी धरली. कराराच्या उर्वरित काळापुरती त्याला केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम ठेवली.

एप्रिल २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या माजी कर्मचाऱ्यांना पोलिसांनी अटक केली. अमेरिकेतील सिटीबँकेच्या ग्राहकांचे गुप्त क्रमांक मिळवून त्यांच्या खात्यांतील पैसे वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता.

कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणकातील माहितीची विनापरवानगी प्रत घेतल्यास भरपाई द्यावी लागते. हे कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ व्यवसायस्वातंत्र्याचे रक्षण करते. नोकरी संपल्यानंतरही स्पर्धकाकडे काम करू नये, ही अट त्यामुळे सामान्यतः निरर्थक ठरते. नोकरीत कमावलेले कौशल्य व अनुभव कर्मचाऱ्याचे असतात. संस्थेच्या नोंदी त्याच्या नसतात.

प्रतिबंधक उपाय

* प्रत्येकास कामापुरतीच माहिती पाहण्याची मुभा देणे.
* गोपनीयतेचा करार नेमणुकीच्या वेळीच करणे.
* राजीनाम्यानंतरच्या काळात मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतलेल्या फाइलींच्या नोंदी तपासणे.
* अखेरच्या दिवशी ईमेल व इतर खाती बंद करणे आणि सामायिक पासवर्ड बदलणे.
* लॅपटॉप, सिमकार्ड व कागदपत्रे यादीनुसार परत घेऊन पोच देणे.

लहान पतसंस्था व दुकानांत अनेकदा एकच पासवर्ड सर्वजण वापरतात. अशा ठिकाणी प्रत कोणी घेतली, हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असणे ही पहिली गरज ठरते. त्यामुळे निर्दोष कर्मचाऱ्यावर विनाकारण संशय येण्याचा धोकाही कमी होतो.