कळ दाबल्यावर काय होते?

कचेरीच्या आवारात, लिंबाच्या सावलीत टंकलेखनयंत्र मांडून बसलेला माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. प्रतिज्ञापत्र असो, फेरफाराचा अर्ज असो की भाडेपट्टा असो, पक्षकाराचे तोंडी बोलणे तो खडाखडा कागदावर उतरवीत असे. त्याची जागा आता संगणकाने घेतली. पण ज्या कळफलकावर आपली बोटे रोज चालतात तो त्या यंत्राचाच वंशज होय. वाडवडिलांकडून त्याने काय घेतले, काय टाकले, आणि त्यात आपल्या मराठीचे काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

शोल्स व त्याचे सहकारी यांनी सिद्ध केलेले यंत्र अमेरिकेतील रेमिंग्टन या बंदुका करणाऱ्या कारखान्याने १८७४ साली बाजारात आणले. त्याचा न्याय सरळ आहे. बोटाने कळ दाबली की तरफ हलते, तरफेने खिळ्याचा दांडा उचलला जातो, खिळा शाईच्या फितीवर आपटतो आणि कागदावर अक्षर उमटते. लगेच गाडी एक घर सरकते. सारे बळ बोटाचे. म्हणून नवशिक्याच्या करंगळीचे अक्षर नेहमी फिके! १८७८ साली एकाच दांड्यावर दोन अक्षरे बसविण्याची युक्ती निघाली आणि कळांची संख्या न वाढविता अक्षरे दुप्पट झाली.

आपल्या देशात गोदरेजने १९५५ साली स्वतःचे यंत्र तयार केले, आणि २००९ साली ते उत्पादन थांबविले. मधल्या काळात सरकारी टेबलावर, टंकलेखनसंस्थांच्या ओळींत आणि न्यायालयाच्या ओट्यावर ती यंत्रे सर्वत्र होती.

आता खरी अडचण पाहा. यंत्राला पंचेचाळीसच्या आसपास कळा. प्रत्येकीवर दोन, म्हणजे नव्वदीच्या घरात चिन्हे. इंग्रजीची लहानमोठी मिळून ५२ अक्षरे आणि १० आकडे घातले तरी विरामचिन्हांना जागा उरते. देवनागरीचे तसे नाही. व्यंजने, स्वर, मात्रा, अर्धी अक्षरे, वर जोडाक्षरांचा गोतावळा. छापखान्यातला जुळारी शेकडो खणांची पेटी पुढे घेऊन बसे. टंकलेखकाला दहा बोटांत भागवावे लागे. त्यावर उपाय असा काढला की, काही अक्षरांचा काना वेगळा काढावयाचा. ‘ख्’ची एक कळ, कान्याची दुसरी, दोन्ही मारल्या की ‘ख’ होतो, आणि कान्यावाचून सोडले की जोडाक्षराला अर्धा ‘ख्’ तयार. ‘भ’, ‘ण’, ‘श’ यांचेही तेच. अनुस्वार, उकार यांसाठी गाडी पुढे न सरकविणाऱ्या कळा ठेवल्या. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या डावीकडे येते आणि गाडीला मागचे पुढे करता येत नाही. म्हणून ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. उच्चाराच्या उलट! पण वर्षभर सराव केलेल्या बोटांना ते इतके सहज होते की, पुढे हीच सवय कसोटीला लागली.

संगणकाच्या कळफलकात बोटाने अक्षर उमटवावयाचे नसते. कळ दाबली गेल्याची वर्दी तेवढी द्यावयाची असते. शंभरावर कळा, मग शंभरावर तारा हव्यात काय? मुळीच नाही. पटावर आडव्या-उभ्या रेघांनी घरे पडतात, तशा ८ तारा आडव्या आणि १६ उभ्या घातल्या की १२८ छेद मिळतात, आणि २४ तारांत काम होते. आतली चिप एकेका तारेवर वीज सोडून कुठला छेद जुळला हे सेकंदात पुष्कळदा तपासते. धातूचे दोन पत्रे भेटताना क्षणभर थरथरतात आणि एका दाबाचे चार दाब भासतात. म्हणून चिप काही सहस्रांश सेकंद थांबून मगच वर्दी खरी मानते. चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर चौथाही दाबल्याचा भास होतो. तो टाळण्यासाठी चांगल्या कळफलकात प्रत्येक छेदावर एकेक डायोड बसवितात.

पण रसिकांचा जीव अडकला आहे तो कळेखालच्या स्प्रिंगमध्ये. आयबीएमने १९८१ साली आपल्या घरगुती संगणकाबरोबर ८३ कळांचा जो कळफलक दिला, त्यात उभी स्प्रिंग दाबता दाबता एकाएकी कमरेत वाकते. वाकताच टक् असा आवाज होतो, बोटाला धक्का कळतो आणि बुडाशी असलेली पट्टी कलून विद्युत्‌धारिता बदलते. वर्दी त्याच क्षणी जाते. कान, बोट आणि यंत्र यांची साक्ष एकच. जुन्या टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्याला हा ठोका ओळखीचा वाटावा यात नवल नाही. जर्मनीतील चेरी कंपनीची कळ निराळी: चार मिलिमीटर खाली जाणारी, पैकी दोन मिलिमीटरवरच वर्दी देणारी. तिची टोपी काढली की खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा दिसतो. पुढे स्वस्ताईसाठी रबराच्या घुमट्यांचे कळफलक आले. ते वाईट नाहीत, पण तळापर्यंत दाबल्यावाचून त्यांचा भरवसा वाटत नाही, आणि दिवसभर लिहिणाऱ्याची बोटे त्यानेच दमतात असे माझे मत आहे.

मराठीच्या दृष्टीने मोठा पालट झाला तो १९८६ साली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी ठरविली. १९९१ साली ती भारतीय मानकात आली. पुण्याच्या सी-डॅकने ती संगणकांवर रुळविली. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘क’ जिथे, तिथेच शिफ्टसह ‘ख’. ‘ग’ तिथे ‘घ’. आता कळ अक्षराचा तुकडा उमटवीत नाही, ध्वनी सांगते. आकार जुळविणे संगणकाचे काम. म्हणून ‘कि’ला आधी ‘क’, मग वेलांटी.

शास्त्र म्हणून हे उत्तमच. पण लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. पावसाच्या भरवशावरच्या आपल्या या जिल्ह्यात, ऊसतोडीच्या फडावर आईबापांमागून जाणे चुकवावयाचे तर असे प्रमाणपत्र ही एक वाट होती. ज्याने फी भरून रेमिंग्टनची मांडणी बोटांत मुरविली त्याला ‘आता सगळे उलटे करा’ म्हणणे सोपे नव्हे. संगणकावर आजही रेमिंग्टन मांडणीचा पर्याय मिळतो, तो ह्याच लोकांमुळे. आणि तो राहावा.

नव्या शिकणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्टच धरावी. १९५६ पर्यंत आपण ज्या हैदराबाद राज्यात होतो, तिथे मराठी, तेलुगू आणि कानडी एकत्र नांदत होत्या. इन्स्क्रिप्टमध्ये या तिन्ही लिप्यांचा ‘क’ एकाच कळेवर आहे. बीडचा मुलगा लिपी बदलून त्याच बोटांनी तेलुगू टंकित करू शकतो. उर्दूची लिपी निराळ्या कुळातली. तिचा कळफलक निराळा.