नाताळात गोव्याचं घर भरतं तेव्हा...

डिसेंबर उजाडला की दाबोळी विमानतळावर आजी-आजोबांची गर्दी वाढते. मुलं परदेशातून येतात, कुणी आखातातून, कुणी इंग्लंडच्या स्विंडनमधून. गंमत अशी, की अनेक नातवंडं परदेशी वाढली ती आजोबांच्याच जन्मनोंदीमुळे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्याच कागदावर अनेकांनी युरोप गाठला!

आता खरी मजा, म्हणजे स्वयंपाकघर.

लहानांच्या वाट्याला कुलकुलं येतात. पिठाची गोळी काट्या-चमच्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, मग तळायची. पहिल्या घाण्यातली वाकडीतिकडी निघणारच, तीच आधी संपतात. दोदोल मात्र धडधाकट लेकाचं काम: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तासन्‌तास ढवळत राहायचं, हात थांबला की बुडाला लागलंच. बेबिंका आजीच्या नजरेखाली. वरून निखाऱ्यांची धग देत एकेक थर भाजायचा आणि तो झाल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही. घाई असलेल्यांनी विकतचा आणावा, हे बरं. २०२३ मध्ये या बेबिंकाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

नेवऱ्यांसह सजलेली ताटं शेजारच्या हिंदू घरी पोचवायला नातवंडांनाच धाडतात. चतुर्थीला तिकडूनही ताट आलेलं असतं.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर झोपाळलेली पोरं ३१ तारखेला पुन्हा ताजीतवानी! गवत-चिंध्यांचा ‘म्हातारा’ रस्त्यात बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागायचे, बाराला तो जाळायचा. खरे आजोबा बाजूला उभे राहून काडेपेटी पुरवतात.