गिअरबॉक्स उतरवण्याआधी

मागच्या पावसाळ्यात आमची बारा वर्षांची हॅचबॅक सिग्नलला पहिला गिअर घेईना. रिव्हर्स टाकला की खर्रर्र. एका गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता निकाल लागला : "गिअरबॉक्स गेला साहेब, 38 हजार धरून चला." दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे अलगद पडले. "बंद गाडीत पडतायत, चालू गाडीत अडतायत. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. बॉक्सला कशाला हात लावायचा?" क्लच केबलच्या काही तारा तुटून ती लांबली होती. मजुरीसकट 1,400 रुपयांत काम झालं.

गिअर नीट पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला, हा या विषयातला सगळ्यात महागडा गैरसमज. इंजिन रेस होतंय पण गाडी ओढत नाही, विशेषतः घाटात, तर बहुधा क्लच प्लेट घसरतेय. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट, न्यूट्रलमधली घरघर पेडल दाबताच थांबली, तर बॉक्सच्या आतलं बेअरिंग तपासावं लागतं. एकाच गिअरला, बाकीच्यांना नाही, खरखर होत असेल तर सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असू शकते. ही शेवटची दोन खरी गिअरबॉक्सची दुखणी. गॅरेजवाल्याला 'गिअरबॉक्स बघा' असं सांगण्याऐवजी आवाज कधी येतो आणि कधी थांबतो ते सांगावं. आपणच रोगाचं नाव घेतलं, की औषध त्याच किमतीचं मिळतं.

"फक्त प्लेट बदला, बाकी चालेल" ही काटकसर दिसते, पण असते उधळपट्टी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत क्लचपर्यंत पोचायचं तर अ‍ॅक्सल काढून अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मजुरी त्याचीच असते. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच एकदम बदलतात, आणि बॉक्स खाली असतानाच ऑइल सील पाहून घेतात. सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं तर मजुरी पुन्हा पहिल्यापासून. याची दुसरी बाजूही बघा : क्लच आणि गिअरबॉक्स दोन्हींचं काम एकदम निघालं, तर बॉक्स एकदाच उतरतो. बिलात उतरवण्याची मजुरी दोनदा दिसली तर बेलाशक विचारावं.

ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, असं एएमटीवाले पुष्कळ जण समजतात. एएमटीत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, क्लच प्लेटही असते. आपल्या पायाचं आणि हाताचं काम फक्त अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यामुळे 'ऑटोमॅटिक आहे, महागच पडणार' हे ऐकून मान डोलवू नये. बिघाड अ‍ॅक्च्युएटरचा, प्लेटचा की बॉक्सचा, ते आधी ठरू द्या. सीव्हीटीची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीने सांगितलेलंच ऑइल हवं, स्वस्तातलं दुसरं घातलं तर बॉक्सच गमवाल.

फोनवर पक्का भाव मिळत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपावं. बॉक्स उघडेपर्यंत आतली झीज कोणालाच दिसत नाही. प्रामाणिक इस्टिमेट दोन टप्प्यांत येतं : उतरवून उघडण्याचा खर्च आधी, भागांची यादी नंतर. जुने भाग परत हवेत, हे जॉब कार्डवरच लिहून घ्यावं.

बिलातली एक नेहमीची गफलत म्हणजे एमआरपीवर वर जीएसटी. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. खोक्यावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा 28 टक्के कर 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुना छापील दर लावलाय का तेही पाहा. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर कर लावण्याचा प्रश्नच येत नाही. वाद मिटला नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

बाहेर काम केलं की वॉरंटी संपली, ही भीतीही सरसकट खरी नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या अडवणुकीबद्दल 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड केला, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याच्या अटीवरही बोट ठेवलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला, तर मात्र कंपनी हात वर करते, आणि ते रास्तच आहे.

राहिला विमा. झिजलेली प्लेट कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. खालून दगड लागून बॉक्स फुटला तर तो अपघात. पण ऑइल गळत असताना गाडी पळवली आणि आतले गिअर जळाले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी इंजिन-गिअरबॉक्सचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. म्हणून खाली ऑइलचा डाग दिसला, की गॅरेज दोनच किलोमीटरवर असलं तरी गाडी तिथेच उभी करायची आणि टोइंगवाल्याला फोन लावायचा.