संस्थेचे दप्तर कोणाच्या कुलुपात?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर व परिसर उद्ध्वस्त केला. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेला हा भाग आज लोहारा तालुक्यात आहे. त्या आपत्तीनंतर इथे अनेक स्वयंसेवी संस्था आल्या. आज तालुक्याच्या गावी महिला मंडळ, वाचनालय किंवा कायदा मदत केंद्र चालवायचे तर सभासदांची यादी, देणग्यांचा हिशेब, पीडितांचे अर्ज हे सारे संगणकात असते. प्रश्न असा की, त्या संगणकातले सॉफ्टवेअर कोणाचे?

पुष्कळदा दुकानदार संगणकाबरोबर चोरटी प्रत टाकून देतो. "आपण कुठे नफा कमावतो, आपल्याला कोण विचारणार?" अशी कार्यकर्त्यांची समजूत असते. ती चुकीची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नमूद करून कैद टाळू शकते. तरीही ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे समाजसेवा ही सवलत आहे, माफी नव्हे. जी संस्था इतरांना कायदा पाळा म्हणून सांगते, तिने आपले टेबल आधी स्वच्छ ठेवायला नको काय?

यावर सरळ मार्ग आहे तो मुक्त सॉफ्टवेअरचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. अशा सॉफ्टवेअरचा कोणत्याही कामासाठी वापर करावा, आतली रचना अभ्यासावी, बदलावी, प्रती वाटाव्यात, याला परवान्यानेच मुभा असते. केरळच्या सरकारी शाळांत संगणक शिक्षण वर्षानुवर्षे याच पायावर चालले आहे. इंटरनेटवरची फुकट सेवा मात्र वेगळी गोष्ट. तिथे पैसे लागत नाहीत, पण कुलूप आणि किल्ली दोन्ही कंपनीकडेच राहतात.

पत्रव्यवहार आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे, ते मराठीतही चालते. हिशेबासाठी ग्नूकॅश, सभासद व देणगीदारांच्या नोंदींसाठी सिव्हीसीआरएम. वस्तीत पाहणी करायची तर कोबोटूलबॉक्सवर मराठीत प्रश्नावली करता येते. नेटवर्क नसले तरी मोबाइलवर उत्तरे भरावीत आणि रेंज आल्यावर पाठवावीत. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेवढ्यासाठी जुना संगणक भंगारात घालण्याची गरज नाही. त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर लिनक्स मिंट चालते. आपल्याच सी-डॅकने बनवलेले 'बॉस' लिनक्सही आहे.

आणखी एक महत्त्वाची बाब. अनेक संस्थांचे जुने ठराव, निवेदने युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी अगम्य इंग्रजी अक्षरे दिसतात. दहा वर्षांपूर्वीचा ठराव आपल्यालाच वाचता येत नसेल, तर तो पुरावा म्हणून काय कामाचा? नवे लेखन युनिकोडमध्येच व्हावे, जुने टप्प्याटप्प्याने बदलून घ्यावे.

अडचणी नाहीत असे नाही. एखादा जुना प्रिंटर चालत नाही, फाइलची मांडणी विस्कटते, सवय बदलायला वेळ लागतो. म्हणून एकदम सगळे बदलू नये. आधी सगळ्या फाइलींची वेगळी प्रत काढावी. मग एका संगणकावर लिबरऑफिस घ्यावे, आणि दोघा कार्यकर्त्यांनी ते नीट शिकून इतरांना शिकवावे. हिशेबाला हात लावण्यापूर्वी सनदी लेखापालांशी बोलावे, कारण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचे हिशेब ठेवणे व तपासून घेणे १९५० च्या कायद्याने बंधनकारक आहे.

वाचलेला पैसा कामाला येईलच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, समाजाने विश्वासाने दिलेली माहिती आणि संस्थेचा इतिहास उद्याच्या कार्यकर्त्याला कोणाची परवानगी न मागता उघडता आला पाहिजे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय संस्थाचालकांनी जरूर घ्यावा.