मूल कोणत्या वाडीत घालावे?

गावाकडचा माणूस कामासाठी कल्याणला जातो, डोंबिवलीला जातो, ठाण्याला जातो. बरोबर बायको असते, तीन-चार वर्षांचे पोर असते. पोराला कुठे घालायचे? चाळीतली एक बाई म्हणते, कोपऱ्यावर अंगणवाडी आहे. दुसरी म्हणते, पालिकेच्या शाळेत बालवाडी आहे, तिथे घाला. तिसरी म्हणते, पैसे भरा आणि इंग्रजी नर्सरीत टाका, तिथे बूट-मोजे असतात.

आता यातले चांगले कोणते, ते ओळखावे कसे?

अंगणवाडी हे नाव मुळात आपल्याच मुलखातले. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. मुलांना खेळातून शिकवायचे, ही पद्धत इटलीच्या माँटेसोरीबाईंची. पण तिची लाकडी साधने महाग. गरिबाच्या वाडीत ती कुठून आणायची? ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. तरी गरिबांची मुले येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कोणाला बकऱ्या राखायच्या. मग या बायाच त्यांच्या वस्तीवर गेल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवली, त्यांना न्हाऊ-माखू घातले, गाणी म्हटली. अंगणात भरते ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने बालविकासाची योजना सुरू केली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

सरकारी अंगणवाडीत एक सेविका असते, एक मदतनीस असते. तीन ते सहा वर्षांची मुले तिथे बसतात, खेळतात, शिकतात, जेवतात. पण काम तेवढेच नाही. मुलाचे वजन होते, लस देण्याची व्यवस्था होते. गरोदर बाईची, अंगावर पाजणाऱ्या आईची नोंद होते आणि त्यांनाही आहार मिळतो. पैसा एक लागत नाही. शहरात मात्र जागेची मोठी अडचण. कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात, पुढे अंगण नाहीच!

पालिकेची बालवाडी शाळेला जोडलेली असते. वर्ग मोठा असतो, आवार असते, आणि मूल पुढे त्याच शाळेत पहिलीला जाते. हा फायदा लहान नव्हे. पण घरात गरोदर बाई असेल किंवा मूल अशक्त असेल, तर अंगणवाडीत नाव घालायलाच हवे.

नर्सरीचे बूट पाहून मात्र भुलू नका. 'आमच्याकडे तीन वर्षांचे पोर शंभरपर्यंत म्हणते,' असे कोणी सांगितले तर त्याच्यापुढे चिंचोके टाका आणि म्हणा, यातले पाच दे बाळा. पुष्कळदा मूठभर उचलून देते. म्हणजे आकडे तोंडात आहेत, डोक्यात नाहीत. लिहिण्याचेही तसेच. लहान पोराच्या बोटांत पेन्सिल धरायचा जोर नसतो. तो मणी ओवून येतो, माती मळून येतो, तांदळातली डाळ वेचून येतो. म्हणून अंगणवाडीत मूल मणी ओवताना दिसले तर 'नुसतेच खेळवतात' असे म्हणू नका. ती अक्षरांचीच तयारी आहे.

तेव्हा निवडण्यापूर्वी एक सकाळ मोडा. एक दिवस खाडा झाला तर होऊ द्या. न सांगता जा आणि तासभर बसा. पटावर मुले किती आणि समोर किती, ते मोजा. खेळणी मुलांच्या हाताला लागतात की कपाटात कुलपाआड आहेत? मुले बोलतात की हाताची घडी घालून गप्प बसली आहेत? ताट आले की स्वतः एक घास खाऊन बघा. पाणी कुठले, संडास वापरता येतो का, तेही बघा. आणि कान देऊन ऐका. पोर घरी आगरी बोलत असेल, वारली बोलत असेल, नाहीतर हिंदी. बाईंना ते कळते का? 'तहान लागली' हे ज्याचे कोणाला कळत नाही, ते पोर रडते आणि दुसऱ्या दिवशी जात नाही. आमच्या मते हीच सगळ्यात मोठी पारख.

वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. नाव गावाकडे आहे म्हणून इथे आहार नाही, असे कोणी म्हटले तर मुख्य सेविकेला भेटा. तिथे काम झाले नाही तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जा.

आणि वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? सहा वर्षांखालची चाळीस मुले असली की अंगणवाडी मागता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ सालचा आदेश आहे. घरोघर फिरून मुलांची नावे आणि वये कागदावर उतरा. आता लिहिता येतेच. खाली पालकांच्या सह्या घ्या, अर्ज प्रकल्प कार्यालयात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.