रस्टमधले उसनवारीचे नियम
रस्ट भाषेत प्रत्येक मूल्याला एकच मालक असतो. मालकी न सोडता ते वापरायला देण्याचे काम रेफरन्स करतो. नियम दोनच: वाचणारे रेफरन्स एका वेळी कितीही चालतात, पण बदल करणारा असेल तर तो एकटाच, आणि कोणताही रेफरन्स मूळ मूल्यापेक्षा जास्त काळ टिकत नाही.

समजा, स्ट्रिंगमध्ये ‘वडूज’ आहे. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १२ बाइट होतात. पहिल्या ३ बाइटांचा स्लाइस, म्हणजे स्ट्रिंगच्या तेवढ्या भागाचा वाचणारा रेफरन्स, ‘व’ दाखवतो. हा स्लाइस पुढे वापरायचा असताना मध्येच स्ट्रिंगला ‘कर’ जोडले, तर मजकूर मेमरीत दुसरीकडे हलू शकतो आणि स्लाइस जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहील. म्हणून कंपायलर ई०५०२ ही चूक दाखवतो. स्लाइसचे काम आधी उरकले, की ‘वडूजकर’ बिनतक्रार तयार होते.