नस मेली तरी

खुर्चीवर आडवे झालेले काका जालना एमआयडीसीतल्या सळयांच्या मिलमध्ये कामाला. दुखऱ्या दाढेत मशेरी दाबून बऱ्याच पाळ्या काढल्या. आता नस मेलीय, मुळाच्या टोकाशी पू धरलाय. त्यांची हरकत नाही म्हणून मी डॉक्टरबाईंच्या मागे उभा राहून बघतोय.

फाइल, म्हणजे बारीक कानस, मुळातली नळी घासते, रुंद करते. पण नळी काही सरळसोट गोल नसते. तिच्या फाट्यांत, खाचांत फाइल जात नाही. त्यात भोवतीच्या डेंटिनला, म्हणजे दाताच्या आतल्या थराला, एक ते तीन मायक्रॉन रुंदीची असंख्य छिद्रं. जंतूला तेवढी वाट पुरते. म्हणून खरी मदार औषधी पाण्यावर.

त्यातलं पहिलं सोडियम हायपोक्लोराइट, पांढरे कपडे उजळवणाऱ्या ब्लीचच्याच जातीचं. पहिल्या महायुद्धात डेकिन या रसायनशास्त्रज्ञाच्या, याच्याच अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाने सैनिकांच्या जखमा धुतल्या होत्या. दाढेत ते सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. जंतू मारतं, वर मेलेली नस विरघळवतं. हे दुसरं काम बाकी कुणालाच नीट जमत नाही. मात्र मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर भयंकर कळ येते, गाल सुजतो. म्हणून दाढेभोवती रबर डॅमचा पडदा, सुईचं भोक टोकाला नाही तर बाजूला, आणि किती खोल जायचं त्याची खूण सुईवर. बाई पिचकारीचा दट्ट्या अंगठ्याने नव्हे, तर्जनीने ढकलतात. अंगठ्याला जोराचा अंदाज राहत नाही.

मग अल्ट्रासोनिकचं बारीक टोक नळीत सोडलं. पाणी फसफसलं, गढूळ झालं, काळपट कण वर आले. मघाशी स्वच्छ दिसत होती ती हीच नळी!

दुसरं औषधी पाणी क्लोरहेक्सिडिन, दोन टक्क्यांचं. त्याला ब्लीचचा उग्र वास नाही, भिंतीला धरून राहतं. पण नसेचा कचरा तसाच ठेवतं. हायपोक्लोराइटवर थेट ओतलं तर विटकरी साका बसतो, म्हणून मध्ये धुऊन घ्यावं लागतं. लेझरची जाहिरात जोरात असते. माझ्या मते ते जोडीला ठीक. हायपोक्लोराइटला सुट्टी देण्याइतकं नाही.

अशा तुलना बहुधा प्रयोगशाळेत, काढलेल्या दातांवर होतात. तिथला नेहमीचा जंतू एन्टेरोकॉकस फीकॅलिस. अन्नपाण्यावाचून तग धरणारा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडलाही चिवटपणे पुरून उरणारा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे दोन बैठकींच्या मध्ये नळीत भरून ठेवायचं पांढरं औषध, १९२०पासून दातांत वापरात आहे. पीएच साडेबाराच्या आसपास. पण काम सावकाश, आठवडाभर तरी नळीत राहायला हवं. प्रयोगशाळेतला दात आठवड्याने जागेवर सापडतो. पाळीवाला माणूस दुखायचं थांबलं की फिरकत नाही, वरचं कच्चं सिमेंट झिजतं आणि जंतू पुन्हा आत. बाई म्हणूनच जमेल तिथे एकाच बैठकीत नळी भरून टाकतात. काकांच्या दाढेतून मात्र अजून पू झिरपत होता, तेव्हा ते पांढरं औषध भरणं भाग होतं.

“काका, पुढच्या आठवड्यात कुठली पाळी?”

“रात्रीची.”

“मग सुटलात की घरी जायच्या आधी इकडेच या.”

“दुखायचं थांबलं तरी?”

“थांबेलच. तरी या.”

कार्डावर वेळ लिहिली सकाळी साडेआठची. दवाखान्याच्या पाटीवर दहाची आहे.